वरचे दोन घोडे

दोन हजार तेवीस सालच्या जानेवारीत, माघी पौर्णिमेच्या होड्यांच्या शर्यतीला आठ दिवस राहिले असताना, सत्यवती धक्क्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उतरली, पदर कमरेला खोचला आणि लोखंडी कडीला अडकवलेल्या काट्याची तबकडी तळहाताने पुसली. तबकडीचं तोंड पाण्याकडे होतं. काट्याच्या हुकापासून निघालेला जाड दोर खाडीत तीस हातांवर उभ्या असलेल्या होडीला मागून बांधला होता, आणि त्या होडीत, नव्या इंजिनाच्या बाजूला, तिचा नवरा हरिश्चंद्र बसला होता.

भरती चढून थांबली होती. खाडी अशी उभी राहिली की मगच हरिश्चंद्र इंजिनाची ओढ बघत असे, कारण ओहोटी लागली की पाण्याची ओढही दोरावर येते आणि काटा खोटं बोलतो. त्याने हात वर करून इशारा दिला. इंजिन आधी खोकलं, मग एका सुरात लागलं. पाण्यात लोळत पडलेला दोर गळत गळत वर आला, ताणला गेला, पिळून निघाला. होडी जागची हलत नव्हती, नुसता मागे फेस उडत होता. तबकडीवरची सुई तीनशेच्या पुढे गेली, चारशेला पोचली आणि चारशे दहावर थरथरत उभी राहिली.

सत्यवतीने ती नीट पाहिली. मग हात उंच केला. आधी चार बोटं, नंतर तीन.

चारशे तीस.

वर धक्क्यावर उभ्या असलेल्या लवूने शीळ घातली. लवू शेजारचा. त्याचा टेंपो होता, आणि कुठलंही इंजिन कुठेही न्यायचं असलं की तो न बोलावता येऊन उभा राही.

हरिश्चंद्राचं वय तेव्हा एकाहत्तर होतं. मालगुंडच्या खाडीपासून दाभोळपर्यंत होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याचं गणित साधं होतं: दहा किलो ओढीला एक घोडा, म्हणजे एक अश्वशक्ती. कंपनीच्या कागदावर काहीही छापलेलं असो, हरिश्चंद्राने इंजिन धक्क्याला बांधून जो आकडा सांगितला तो खरा, असं खारवीवाड्यात मानलं जाई. तो होडीत इंजिनापाशी असल्यामुळे काटा वाचायचं काम पहिल्यापासून सत्यवतीकडे होतं. ती मासळी विकणारी. व्यापाऱ्यांच्या कोळंबीचं वजन करताना काट्यापाशी तीच उभी राही, आणि तिने सांगितलेल्या आकड्यावर घेणारा किंवा देणारा कधी वाद घालत नसे.

हे इंजिन मात्र दुरुस्तीला आलेलं नव्हतं. भंगारात निघालेल्या एका मोटारीचा तीन सिलिंडरचा ब्लॉक आणून काका-पुतणीने चार महिने अंगणातल्या मांडवाखाली ते नव्याने बांधलं होतं. पुतणी म्हणजे योगिनी. तिचा बाप खंडू, हरिश्चंद्राचा धाकटा भाऊ, मुंबईला बंदरात टगवर होता. ही इंजिनियरिंग शिकायला म्हणून काका-काकींकडे येऊन राहिली, आणि शिकून झाल्यावरही परत गेली नाही. शर्यतीत होडी तीच चालवणार होती. माघी पौर्णिमेच्या शर्यतीत सुकाणूवर बाईमाणूस बसलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"त्रेचाळीस घोडे," लवू म्हणाला. "दाभोळवाल्यांना निरोप धाडा, यंदा आमची पाठ बघायला या."

होडी धक्क्याला लागली. हरिश्चंद्राने खिशातून वही काढून आकडा लिहिला. योगिनीने तोवर इंजिनाचा तिसरा प्लग काढून उन्हात धरला होता. त्याचं टोक पांढरं पडलं होतं.

"काका, हा बघा."

हरिश्चंद्राने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. प्लग पांढरा म्हणजे सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय आणि आत आग जास्त होतेय, हे त्याला सांगायला नको होतं. पण किती कमी पडतंय हे धक्क्याला बांधलेल्या इंजिनावर कळत नाही, असं योगिनी म्हणाली. बांधलेलं इंजिन आणि मोकळं धावणारं इंजिन सारखं नसतं. दोराला ओढत असताना ते अर्ध्या फेऱ्यांनीही फिरत नाही, आणि शर्यतीत तर शेवटपर्यंत पिळून चालवायचं. कोल्हापूरला एका कारखान्यात डायनो होता. इंजिन त्याला जोडायचं, पूर्ण वेगाने फिरवायचं, यंत्र त्याला अडवून धरतं आणि कुठल्या वेगाला किती घोडे निघतात, कुठला सिलिंडर तापतो, सगळं तासाभरात दाखवतं. तिने तिथल्या माणसाशी फोनवर बोलूनही ठेवलं होतं.

"म्हंजे वहिनींचा काटाच," लवू म्हणाला. "विजेवर चालणारा."

"तसंच," योगिनी हसली. "फक्त तो आकडा कागदावर छापून देतो."

सत्यवती काटा काढून हातात घेऊन पायऱ्या चढत होती. ती मधल्या पायरीवर थांबली. काट्याचं ओझं तिने या हातातून त्या हातात घेतलं.

हरिश्चंद्राने आपलं इंजिन मोजायला कधी दुसऱ्याच्या दारात नेलं नव्हतं. तो आता नाही म्हणणार असंच सगळ्यांना वाटलं. पण तसं तो म्हणाला नाही. त्याने वही मिटली, तिला रबर लावलं आणि दोर गुंडाळायला घेतला.

"काट्यापाशी ही उभी राहते," तो म्हणाला. "हिला विचार."

"मला काय कळतं त्यातलं," सत्यवती म्हणाली, आणि पाठोपाठ म्हणाली, "नको. नवं इंजिन घाट चढवून न्यायचं नाय."

"का गो काकी?"

"घाटावरची हवा लागली की दर्याचं इंजिन बिघडतं."

"मग आमचे आंबे कसे नाय बिघडत वहिनी?" लवूने विचारलं. "दरसाल पेट्या चढतात."

योगिनीला हसू आवरेना. सत्यवतीही हसली, कारण न हसून चाललं नसतं. हरिश्चंद्र दोराचे वेढे घालत राहिला.

घाटावरच्या हवेची ही गोष्ट तिला त्याच क्षणी सुचली होती. खरं कारण एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं होतं.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. लग्नाला दोन वर्षं झाली होती. हरिश्चंद्र दाभोळच्या काशीराम मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकला होता, आणि एक जुनं डिझेल इंजिन पहिल्यांदा एकट्याने उघडून त्याने पुन्हा जोडलं होतं. ते बघायला काशीराम स्वतः छत्री टेकत आला. म्हातारा फार बोलत नसे. या इंजिनाने दोनशे किलो ओढले तर हा धंदा कर, नाही तर भावामागोमाग मुंबईची वाट धर, एवढंच तो म्हणाला. खंडू त्याच वर्षी मुंबईला गेला होता. वाडीतल्या बहुतेक घरांतून एकेक जण गेला होता. हरिश्चंद्राची पत्र्याची ट्रंक खाटेखालून बाहेर निघून भिंतीशी लागली होती.

काशीरामाला जवळचं दिसत नसे. त्याने मासळीच्या टोपलीपाशी उभ्या असलेल्या सत्यवतीला खालच्या पायरीवर जायला सांगितलं. ती गेली. दोर ताणला, आणि सुई एकशे ऐंशीवर थांबली. तिने होडीकडे पाहिलं. हरिश्चंद्र तिच्याकडे बघत नव्हता. तो इंजिनावर हात ठेवून बसला होता, तापलेल्या मुलाच्या अंगावर ठेवतात तसा.

"दोनशे," ती ओरडली.

मासळी विकणारीला वर घालायची सवय असते. वाट्याचे बांगडे पिशवीत पडले तरी गिऱ्हाईक पिशवीचं तोंड मिटत नाही. तोंडाने काही मागत नाही, नुसतं पिशवी उघडी धरून उभं राहतं. मग विकणारी आणखी एक बांगडा त्यात टाकते. तो मोजायचा नसतो. सत्यवतीने त्या दिवशी वीस किलो वर घातले, इतकंच. निदान ती स्वतःला तसं सांगत आली. त्या विसात तिचाही वाटा होता, हे तिला ठाऊक होतं. मुंबईला गेलेल्या नवऱ्याची बायको व्हायचं तिच्या मनात नव्हतं.

ट्रंक पुन्हा खाटेखाली गेली. पण एकदा वर घातलं की पुढच्या वेळी हात आखडता येत नाही. पुढचं इंजिन मागच्यापेक्षा कमी ओढतंय असं दिसलं असतं, तर हरिश्चंद्राने आपलं काय चुकलं ते शोधलं असतं. म्हणून दुसऱ्या इंजिनालाही वीस, तिसऱ्यालाही वीस. कोळंबीच्या वजनात तिने उभ्या जन्मात पाव किलोची लबाडी केली नाही. या एकाच गिऱ्हाइकाला ती दर वेळी वर घालत आली, आणि त्याने ते दर वेळी वहीत लिहून ठेवलं.

एकदा उघडं पडायची वेळ आली होती. दोन हजार नऊ साली तिला ताप आला, आणि आदल्याच दिवशी मोजलेल्या एका इंजिनाची ओढ हरिश्चंद्राने पुन्हा बघायला घेतली, तेव्हा पायरीवर लवू उभा राहिला. काटा वीस किलो कमी दाखवतोय, असं लवूने ओरडून सांगितलं. हे तिला लवूनेच नंतर अंथरुणापाशी बसून सांगितलं, आणि तापातही ती उठून बसली. पाच किलो कमी आले तरी आख्खं इंजिन पुन्हा उघडणारा माणूस हा. पण हरिश्चंद्र म्हणाला होता की भरती पुरती उभी राहिली नव्हती, आणि इंजिन होतं तसं मालकाला देऊन टाकलं होतं. लवूचं वाचन कच्चं, असं त्याला वाटलं असणार, अशी तिने समजूत करून घेतली.

आता कोल्हापूरचं यंत्र आकडा छापून देणार होतं. त्याला कोणी वर घालायला सांगणार नव्हतं. दोन घोडे कमी दिसले की हरिश्चंद्र इंजिन उघडून बसेल आणि शर्यत हातची जाईल, असं ती मनाशी म्हणत राहिली. त्याच्या पुढचा विचार ती करत नव्हती. पुढचा विचार असा होता की तो वही उघडेल, एकेक पान मागे जाईल, आणि पहिल्या पानावर थांबेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या पडवीत काळुंद्रं साफ करत बसली होती. योगिनी येऊन पायरीवर बसली. तिच्या हातात तो पांढरा प्लग होता. बराच वेळ ती तो नुसता बोटांत फिरवत राहिली.

मग ती म्हणाली की काकींना नको असेल तर न्यायचं नाही. काका तिच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत, आणि तीही जाणार नाही. पेट्रोल थोडं वाढवून, अंदाजाने चालवता येईल. अंदाज चुकलाच तर पिस्टन वितळेल.

"मग काय होतं?" सत्यवतीने विचारलं.

"इंजिन एकदम धरतं. पूर्ण वेगात असताना." योगिनीने प्लग पायरीवर उभा केला. "होडी जागच्या जागी थांबते, काकी. मी नाय थांबत."

हे ती गमतीत म्हणाली. सत्यवतीची विळीवर गेलेली मासळी तशीच राहिली. तिने पोरीच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे इंजिनाच्या नळीचा चटका बसून लांबट डाग पडला होता. चार दिवसांपूर्वी तिनेच त्यावर खोबरेल लावलं होतं.

"कधी निघायचं म्हणतेस?"

"उद्या सकाळी. लवूकाका तयार आहेत."

"मग गोधडी घालून न्या," सत्यवती म्हणाली. "नुसत्या पत्र्यावर आपटेल ते."

सकाळी सहाला लवूचा टेंपो दारात लागला. इंजिन गोधडीत गुंडाळून, चारी बाजूंनी दोर आवळून मागे ठेवलं. सत्यवतीने त्याला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली. योगिनी आधीच पुढे जाऊन बसली होती. हरिश्चंद्र ओट्यावर चपला घालत होता.

"अवो," ती म्हणाली, "एक सांगायचं होतं. त्या काट्याचं."

"काटा जुना झाला आता. तेल घालायला हवं त्याला."

"तसं नव्हं. परवाचा आकडा..."

"आकडा तू वाचलास ना?" त्याने दुसरी चप्पल पायात सरकवली. "मग झालं."

आणि तो टेंपोत चढला.

तो दिवस सरता सरेना. ती नेहमीसारखी टोपली घेऊन मालगुंडच्या तिठ्यावर जाऊन बसली. गिऱ्हाइकं आली, गेली. मनातल्या मनात ती टेंपोबरोबर निघाली होती: आता साखरपा आलं असेल, आता आंबा घाट, आता मलकापूर. उन्हं वर आली तेव्हा तिला वाटलं, आता चढवलं असेल यंत्रावर. हातात होते तेवढे बांगडे तिने समोरच्या पिशवीत टाकले. पिशवी चिमाची होती. चिमा तिची वीस वर्षांची गिऱ्हाईक.

"अगो, दोन दोन वर?" चिमा म्हणाली. "पोरीचं लगीन ठरलं काय?"

"ने गो," सत्यवती म्हणाली. "आज असंच."

दिवेलागणीला टेंपोचा भोंगा वाजला. शेजारपाजारचे चार जण अंगणात गोळा झाले. हरिश्चंद्र गुडघे धरत उतरला. सत्यवती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. त्याने आधी पाणी प्यायलं, सगळा तांब्या, मग मिशा पुसल्या. जमलेल्यांकडे न बघता तो तिला म्हणाला,

"बेचाळीस पॉइंट सहा."

तिने रिकामा तांब्या त्याच्या हातातून घेतला.

"तुझ्या काट्याला अर्धा घोडासुद्धा कमी नाय पडला. तेवढं चालतं."

मग तो इतरांकडे वळला आणि सगळी हकीकत सांगत बसला. डायनोवर पूर्ण वेगाला तिसरा सिलिंडर लालबुंद तापत होता. तिथल्या माणसाने कार्बोरेटरमधला जेट बदलून दिला. तसंच शर्यतीत नेलं असतं तर पहिल्या फेरीत पिस्टन गेला असता. पोरीने सांगितलं ते बरोबर होतं, आपल्याला या वयातही शिकायला लागलं, हे त्याने चार माणसांत, अवघडल्याशिवाय सांगितलं. योगिनी टेंपोच्या मागे उभी राहून गोधडीवरचा दोर सोडत होती. गाठ केव्हाच सुटली होती. तरी ती खाली मान घालून तीच गाठ चाचपत होती.

सत्यवतीला त्या रात्री निवांत झोप लागली. दोन घोडे आले कुठून, हे कोडं मात्र तिला सुटलं नाही. आपला काटाच इतकी वर्षं वीस किलो कमी दाखवत असेल, असं तिला वाटलं, म्हणजे आपण नकळत खरंच बोलत आलो. नाही तर कोल्हापूरच्या त्या यंत्रापाशीही कोणी बाई उभी असेल.

माघी पौर्णिमेला दुपारी बाराला भरती होती. खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं होती, गणपतीपुळ्याला आलेले पाहुणेही गाड्या थांबवून उभे होते. पाच होड्या उतरणार होत्या. योगिनीने होडीत चढताना आपली प्लास्टिकची पिशवी काकीच्या हातात दिली: फोन, चष्म्याचं घर, शर्यतीचे कागद. तिने सुकाणूला हात लावून कपाळाला लावला आणि दोर सोडला.

थोड्या वेळाने समितीचा माणूस नावनोंदणीची पावती मागायला आला. सत्यवतीने पिशवी उघडली. पहिला कागद पावतीचा नव्हता. त्यावर डोंगराच्या चढासारखी एक रेघ छापलेली होती, आणि खाली आकडे. बाकी मजकूर इंग्रजीत होता, पण आकडे वाचण्यात तिचा जन्म गेला होता. सगळ्यात मोठा आकडा चौकोनात होता.

चाळीस पॉइंट सहा.

तिने तो पुन्हा वाचला. पॉइंट सहा तेवढा खरा होता. त्याच्या आधीचे दोन कोणीतरी वर घातले होते. बरोबर दोन घोडे. दहा किलोला एक.

"पावती, काकी," समितीचा माणूस म्हणाला.

तिने त्याला पावती काढून दिली. मग तो दुसरा कागद घडीवर घडी घालून, बोटाएवढा झाल्यावर, आपल्या कमरेच्या बटव्यात ठेवला. हरिश्चंद्र धक्क्याच्या कडेला, डोळ्यांवर हात धरून उभा होता. त्याची पाठ तिच्याकडे होती. चौऱ्याऐंशी साली होडीत बसला होता तेव्हाही ती पाठ अशीच जरा डावीकडे कललेली होती. तो तेव्हा तिच्याकडे बघत नव्हता, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

ती जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि आपली छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"ऊन लागतंय," ती म्हणाली.

"होडी बघ," तो म्हणाला. पण छत्रीच्या सावलीत यायला तो अर्धं पाऊल सरकला.

योगिनी दुसरी आली. दाभोळची होडी एका वल्ह्याएवढी पुढे होती. इंजिन तिन्ही फेऱ्यांत एकदाही खोकलं नाही. काठावरच्या बायका शर्यत संपल्यावरही बराच वेळ ओरडत होत्या, आणि पहिल्या आलेल्या तांडेलाला त्या आपल्यासाठीच ओरडताहेत असं वाटून त्याने दोनदा हात हलवला.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. लवूने टेंपो बदलला. नव्या टेंपोत तो त्या कोल्हापूरच्या खेपेची गोष्ट कोणालाही ऐकवतो, आणि त्याच्या गोष्टीत इंजिन पंचेचाळीस घोड्यांचं असतं, कारण यंत्र चालू असताना तो बाहेर टेंपोत झोपलेला होता. खंडू निवृत्त होऊन गावी आला. रोज संध्याकाळी धक्क्यावर बसून मुंबईची इंजिनं कशी दणकट होती ते सांगतो. योगिनीने रत्नागिरीत शेड घेतली आहे. तिची पहिली मोठी ऑर्डर दाभोळच्या त्याच तांडेलाची होती. पुढच्या वर्षी तिच्याच इंजिनावर तो तिच्याकडून हरला. शेडमध्ये तिने एक जुना डायनो आणून बसवला आहे, आणि त्याचा नारळ हरिश्चंद्राच्या हस्ते वाढवला. ते तीन सिलिंडरचं इंजिन आता गणपतीपुळ्याला पाहुण्यांना फिरवणाऱ्या एका होडीत आहे. अर्ध्या वेगात, मुलांना घेऊन फिरतं. डायनोची ती चिठ्ठी योगिनीने काकीकडे कधी मागितली नाही, आणि काकीने दिली नाही.

हरिश्चंद्र अजून काम करतो. डायनो आला तरी प्रत्येक इंजिन तो आधी धक्क्याला बांधतो.

शर्यतीच्या पुढच्याच जानेवारीत त्याने एक इंजिन बांधलं, आणि भरती उभी राहिल्यावर सत्यवती नेहमीसारखी खालच्या पायरीवर उतरली. दोर ताणला. सुई तीनशे नव्वदवर आली आणि थांबली. तिने ती नीट पाहिली. मग हात वर केला: आधी तीन बोटं, नंतर दोन्ही हातांची मिळून नऊ.

हरिश्चंद्राने इंजिन बंद केलं. दोर सैल होऊन पाण्यात पडला. त्याने खिशातून वही काढली, पान उघडलं, आणि लिहिलं मात्र नाही. वही दोन्ही हातांत उघडी धरून तो होडीत उभा राहिला. तिच्याकडे बघत, तोंडाने काहीही न मागता.

खाडी अगदी उभी होती. वर धक्क्यावर लवूने काय झालं म्हणून विचारलं.

सत्यवतीने ओले हात लुगड्याला पुसले. मग तिने हात पुन्हा वर केला आणि आणखी दोन बोटं दाखवली.

हरिश्चंद्राने मान खाली घालून लिहिलं, आणि वही मिटली.